पेढीचा संगणक, मुनीमजींचे खाते आणि सीडी राइट करण्याचा अधिकार

आपल्या व्यापारी मंडळींस 'खाते' या शब्दाची ओळख करून देण्याचे कारण नाही. कीर्दीतील रकमा खतावणीत ज्याच्या नावावर चढतात ते खाते, एवढे तर नुकत्याच दुकानावर बसू लागलेल्या मुलासही पहिल्या आठवड्यात कळते. परंतु पेढीवर संगणक आल्यापासून याच शब्दाचा दुसरा एक अर्थ आपल्या व्यवहारात शिरला आहे, आणि तो पुरतेपणी न उमगल्यामुळे चांगल्या चांगल्या ठिकाणी घोटाळे झालेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. त्यांतील एक तर स्वतःच्याच पेढीवर. स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे अशी सूचना आली तेव्हा प्रथम कापसाच्या भावासंबंधी चार शब्द लिहावेत असे मनात होते. पण भाव दरवर्षी बदलतात आणि त्यांवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. म्हणून हा विषय घेतला आहे. पेढीवरचे संगणक एकमेकांस जोडलेले आहेत, कामगारांच्या खात्यांस मोजकेच अधिकार दिलेले आहेत, आणि अशा खात्यावर बसणाऱ्या माणसास हिशेबाची सीडी राइट करावयाची आहे. तर मालकाने काय करावे व काय मुळीच करू नये, एवढाच प्रश्न आहे.

संगणकातील खाते म्हणजे त्या यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाची ओळख व त्याच्या अधिकारांची यादी. ही खाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक प्रशासकाचे, ज्यास सर्व जण 'ॲडमिन' म्हणतात. त्या खात्याने बसलेला मनुष्य यंत्रात हवे ते घालू शकतो, हवे ते काढू शकतो. दुसरे मर्यादित खाते. विंडोज एक्सपीमध्ये त्यास 'लिमिटेड' म्हणत, व्हिस्टापासून पुढे 'स्टँडर्ड' म्हणू लागले. मर्यादित खात्याचा मनुष्य आपले नित्याचे काम करतो, पण यंत्राच्या मूळ रचनेस त्याचा हात लागत नाही. ही रीत नवी नाही. गादीवर बसणारा, तिजोरीची किल्ली बाळगणारा आणि मालाची तोलाई करणारा यांचे अधिकार आपल्या वडिलांच्या काळीही वेगवेगळेच होते.

आता घडलेली हकीगत सांगतो.

आमचे मोहगाव सौंसर तालुक्यात, संत्र्यांच्या आणि कापसाच्या पट्ट्यात आहे. घरात मराठी, सरकारी कागद हिंदीत आणि संगणकाचा पडदा इंग्रजीत, अशी आमची तिहेरी स्थिती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला व सौंसर तालुका त्यात आला. सरहद्दी अशा हलल्या तरी माल, डॉक्टर आणि संगणकाचा मिस्त्री यांसाठी आम्ही नागपूरच्याच वाटेला लागतो. पेढीवर पाच संगणक व ते सर्व जोडलेला एक सर्व्हर, एवढा आमचा पसारा.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगातील दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा वर्तमानपत्रे वाचून आमच्याही पोटात गोळा आला. नागपूरहून मिस्त्री बोलावला आणि त्यास सांगितले की, सर्वांची खाती मर्यादित कर व पेनड्राइव्ह, सीडी सर्व बंद कर. मिस्त्री भला माणूस. सांगितले ते त्याने चोख केले. येथे एक कबुली दिली पाहिजे. विषाणूची भीती हे निमित्त होते. मनात खरे भय असे होते की, गिऱ्हाइकांची नावे व उधारीचे आकडे कोणी तरी खिशात घालून शेजारच्या दुकानात नेईल. म्हणजे हुकूम आमचाच होता, आणि तो आपल्याच माणसांविषयीच्या अविश्वासातून निघाला होता.

आमचे मुनीमजी त्या वेळी एकतीस वर्षे पेढीवर होते. २००६ सालापासून त्यांचा एक नेम होता: ३१ मार्चच्या रात्री वर्षाचा सगळा हिशेब दोन सीडींवर उतरवावयाचा, एक तिजोरीत ठेवावयाची व दुसरी नागपूरला आमच्या हिशेब तपासनिसांकडे पाठवावयाची. ३१ मार्च २०१८ रोजी त्यांनी सीडी यंत्रात घातली आणि पडद्यावर इंग्रजीत नकार उमटला. आम्ही लग्नानिमित्त अमरावतीस होतो. पुतण्याचा फोन आला, "काका, मुनीमजींची सीडी होत नाही. काय करू?" मांडवात बँडचा गलका चालू होता. आम्ही म्हणालो, "ॲडमिनचा पासवर्ड देऊन टाक." इतकेच. सीडी झाल्या, पासवर्ड मात्र टेबलामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेला तसाच राहिला.

पुढील तीन महिन्यांत चार जण त्या खात्याने काम करू लागले, कारण 'त्यात सगळे चालते'. जुलैमधील एका दुपारी ट्रान्सपोर्टच्या बिल्टीसारखे दिसणारे एक टपाल संगणकावर आले. एका मुलाने ते उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरवरील प्रत्येक फाइलीच्या नावास भलतेच शेपूट लागले होते आणि एका कागदवजा फाइलीत परकीय चलनात पैशाची मागणी होती. नक्कल म्हणून सर्व्हरला सदैव जोडून ठेवलेली दुसरी हार्डडिस्कही त्याच फेऱ्यात सापडली. १ एप्रिलनंतरचा एकही आकडा वाचता येईना.

त्या संध्याकाळी चार माणसांदेखत आम्ही विचारले, "मुनीमजी, तो पासवर्ड त्या दिवशी तुम्हीच घेतला होता ना?" ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेठजी, मी किल्ली मागितली नव्हती. मला एका सीडीपुरती मोकळीक पाहिजे होती."

या लेखात जे सांगावयाचे आहे ते या एका वाक्यात आले. पुढचे सर्व त्याचे स्पष्टीकरण समजावे.

सीडी राइट करणे हे साध्या फाइल लिहिण्याहून वेगळे काम आहे. हार्डडिस्कवर फाइल लिहिताना माणूस मागणी करतो आणि संगणकाची मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज, स्वतः ते काम करून देते. कोठार भांडाऱ्याच्या ताब्यात असते व मागणारा दारात उभा राहतो, तसे. सीडीचे तसे नाही. कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. ७८० नॅनोमीटर लहरीचा लेझर किरण त्या थरावर तापवून खुणा उमटवितो. इंग्रजीत यास 'जाळणे' म्हणतात ते यामुळेच. हा किरण केव्हा, किती वेगाने व किती शक्तीने चालावा याचे हुकूम राइट करणारा प्रोग्रॅम यंत्रास थेट देतो, मध्ये भांडारी नाही. आणि ज्या वाटेने हे हुकूम जातात त्याच वाटेने त्या यंत्राच्या पोटातील कायमची आज्ञावलीही बदलता येते. म्हणून ही वाट प्रशासकाशिवाय इतरांस बंद ठेवणे एक्सपीच्या काळी शहाणपणाचे मानले गेले. (जाता जाता एक गंमत. राइट करावयाच्या सीडीचे जगन्मान्य नियम ज्या ग्रंथात १९९० साली छापले गेले त्याचे नाव 'ऑरेंज बुक'. आमच्या संत्र्यांच्या मुलखात हे नाव ऐकून मृग बहार आणि आंबिया बहार यांचे पुस्तक असावे असेच कोणासही वाटेल.)

२००१ साली आलेल्या एक्सपीने एक मधला मार्ग काढला होता. विंडोजच्या आतच सीडी राइट करणारी एक सेवा ठेवलेली होती. ती प्रणालीच्या अधिकाराने चाले, आणि मर्यादित खात्याचा मनुष्य आपल्या फाइली तिच्या हवाली करू शके. परंतु बहुतेक दुकानांतून 'नीरो'सारखे बाहेरचे प्रोग्रॅम वापरले जात, आणि ते थेट वाट मागत. त्यामुळे एकाच टेबलावर विंडोजची सीडी होते व नीरोची होत नाही, असा चमत्कार दिसे. नीरोच्या निर्मात्यांनी त्यावर 'बर्नराइट्स' नावाचे एक छोटे साधन दिले होते. प्रशासकाने ते एकदाच चालवावे आणि राइट करण्याचा अधिकार सर्वांस, ठरावीक गटास, की कोणासच नाही हे निवडावे. गटातील माणसास तेवढी एकच गोष्ट करता येई. बाकी तो मर्यादितच राही. मुनीमजींना जे पाहिजे होते ते नेमके हेच. हे साधन आता इतिहासजमा झाले आहे, पण त्यामागचा विचार जुना झालेला नाही.

२००७ साली व्हिस्टा आली तेव्हा ही सर्व रचना नव्याने बांधली गेली, आणि तेव्हापासून साध्या मर्यादित खात्यासही सहसा सीडी वा डीव्हीडी राइट करता येते. ही गोष्ट सभासदांनी नीट ध्यानात घ्यावी. आज जर आपल्या कामगारास सीडी राइट करता येत नसेल, तर त्याचे खाते लहान आहे हे त्याचे कारण बहुधा नसते; कोणी तरी मुद्दाम एक मनाई घातलेली असते. ती मनाई शोधून तेवढ्यापुरती सैल करावयाची, खाते मोठे करावयाचे नाही.

ही मनाई कोठे असते? आमच्या सर्व्हरवर ती 'ग्रुप पॉलिसी' नामक नियमांच्या वहीत होती. त्या वहीतील 'सिस्टम' या भागात 'रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस' असे एक प्रकरण आहे. त्यात सीडी-डीव्हीडीवर लिहिण्यास मनाई, पेनड्राइव्हवर लिहिण्यास मनाई, असे निरनिराळे नियम आहेत. आणि एक सर्वांवर चढणारा नियम आहे, जो अशा सर्व साधनांस एकदम बंद करतो. हा थोरला नियम चालू असेल तर खालचा सीडीचा नियम कितीही सैल केला तरी काही होत नाही. आमच्या मिस्त्रीचा पुष्कळ वेळ यातच गेला. पुन्हा हेच नियम दोन ठिकाणी लिहिता येतात, एकदा यंत्राच्या नावे व एकदा माणसाच्या नावे. यंत्राच्या नावे मनाई असेल तर त्या यंत्रापुढे कोणीही बसला तरी ती लागू होते. मग माणसाच्या नावे दिलेली सवलत व्यर्थ.

याच वहीत अन्यत्र, 'फाइल एक्सप्लोरर'च्या सदरात, सीडी राइट करण्याची सोय काढून टाकणारा आणखी एक नियम आहे. तो फार फसवा आहे. तो फक्त विंडोजची स्वतःची सोय लपवितो, बाहेरच्या प्रोग्रॅमांस अडवीत नाही. म्हणजे चोरास अडविण्यासाठी तो लावला असेल तर चोर बाहेरचा प्रोग्रॅम वापरील, आणि प्रामाणिक मुनीम मात्र अडून बसेल. एक्सपीच्या जुन्या यंत्रांवर आणखी एक कडी असे: सुरक्षेच्या पर्यायांत, काढ-घाल करण्याची साधने फॉरमॅट करण्याचा अधिकार केवळ प्रशासकास दिलेला असे, तो 'प्रशासक व समोर बसलेला वापरकर्ता' असा बदलण्याची रीत होती. याशिवाय विषाणुरोधक प्रोग्रॅम स्वतःच सीडीवर पहारा ठेवतात. त्यांची मनाई विंडोजच्या वहीत दिसत नाही, त्यांच्याच पडद्यावर पाहावी लागते.

आता जोडलेल्या संगणकांची खास अडचण. एका टेबलावरचे सीडी यंत्र सर्वांसाठी खुले केले तर इतरांस त्यातील सीडी वाचता येते, राइट करता येत नाही. राइट करणाराने त्या यंत्रापुढे स्वतः बसावयास हवे. घरून वा दुसऱ्या खोलीतून 'रिमोट डेस्कटॉप'ने शिरलेल्या माणसासही विंडोज ही सोय सहजी देत नाही. त्यासाठी वेगळा नियम चालू करावा लागतो, आणि आमच्या मते तो करू नये. सीडी यंत्र मुनीमजींच्याच टेबलाला जोडावे, हे सर्वांत सोपे. नव्या संगणकांत ते नसले तरी यूएसबीने जोडावयाचे यंत्र घेता येते.

दुसरी अडचण जागेची. राइट करण्यापूर्वी विंडोज सर्व फाइलींची एक नक्कल माणसाच्या स्वतःच्या कप्प्यातील तात्पुरत्या फोल्डरमध्ये करून ठेवते. सर्व्हरवर प्रत्येकाच्या कप्प्यास मापाची मर्यादा घातलेली असेल तर डीव्हीडीची ४.७ गीगाबाइट नक्कल तेथे मावत नाही, आणि संदेश असा येतो की जणू सीडीच खराब आहे. या एका कारणाने कोऱ्या सीडींची चळतच्या चळत फेकून दिल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात आहे.

मग उपाय कसा केला ते सांगतो. प्रशासकाच्या खात्याने सर्व्हरवर एक नवा गट निर्माण केला आणि त्यात केवळ मुनीमजींचे खाते घातले. यंत्रांच्या नावे असलेली सीडीची मनाई काढून ती माणसांच्या नावे लिहिली, आणि तो नियम या गटास लागू होऊ नये अशी नोंद त्या नियमावरच केली. पेनड्राइव्हची मनाई सर्वांवर, आमच्यावरही, कायम ठेवली. मग धीर धरला. कारण सर्व्हरवर बदललेला नियम टेबलावरच्या संगणकास तत्क्षणी कळत नाही. साधारण ९० मिनिटांनी, व त्यात कमीअधिक अर्धा तास भर पडून, संगणक सर्व्हरला नवे नियम विचारतो. घाई असेल तर त्यासाठी एक हुकूम आहे, किंवा संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. या वेळात लोक अस्वस्थ होऊन दुसरेच काही बदलत सुटतात आणि घोटाळा वाढवितात. टेबलावरच्या संगणकातच फेरफार करून पाहण्याचाही उपयोग नसतो, कारण सर्व्हरचा नियम व टेबलाचा नियम यांत विरोध आला तर शब्द सर्व्हरचा चालतो.

शेवटी परीक्षा. ती मुनीमजींच्या खात्यानेच घ्यावी. प्रशासकाच्या खात्याने सीडी झाली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. आणि दुसऱ्या एका कामगाराच्या खात्याने सीडी होत नाही, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. ज्यांच्याकडे सर्व्हर नाही, एकच संगणक आहे, त्यांचे काम यापेक्षा पुष्कळ हलके आहे. मात्र विंडोजच्या 'होम' आवृत्तीत ही नियमांची वही उघडण्याची सोयच नसते, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. काही पेढ्यांवर लिनक्स आहे असे ऐकतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर 'सीडीरॉम' नावाच्या गटात त्या माणसाचे नाव घातले की बहुधा काम होते.

येथे कोणी विचारील की, एवढा खटाटोप त्या जुन्या सीडीसाठी कशाला? प्रश्न रास्त आहे. भारतातील मोझर बेअर ही कंपनी एके काळी जगातील अग्रगण्य सीडी-निर्मात्यांत गणली जाई; ती २०१७ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करण्याच्या ब्लू-रे चकत्या करणे थांबविले. चकतीचा काळ उतरणीस लागला आहे यात शंका नाही. परंतु एकदाच लिहिता येणाऱ्या चकतीत एक गुण आहे जो पेनड्राइव्हमध्ये वा सदैव जोडलेल्या हार्डडिस्कमध्ये नाही. ती लिहून पुरी केली की तिच्यावरचा आकडा कोणत्याही विषाणूस, कोणत्याही खात्यास, मालकासही बदलता येत नाही. शाईने लिहिलेली चोपडी आणि पाटीवरचा खडू यांत जो फरक तोच. मर्यादित खात्याची थोरवीही येथे फार वाढवून सांगावयाची नाही: मर्यादित खात्याने विषाणू उघडला तरी त्या खात्यास ज्या फाइली लिहिता येतात त्या तो बिघडवितोच. फरक एवढा की, आग एका खोलीत राहते. आमच्याकडे वाडाच पेटला, कारण त्या मुलाच्या हाती सर्व खोल्यांची किल्ली होती.

चकती राइट करताना विंडोज विचारते की, ती पेनड्राइव्हप्रमाणे वापरावयाची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. हिशेबासाठी दुसरा पर्याय घ्यावा. चकतीही 'आर' अक्षराची, एकदाच लिहिता येणारी घ्यावी, पुसून पुन्हा लिहावयाची 'आरडब्ल्यू' नको. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि मध्येच वीज गेली की ती चकती वाया जाते. म्हणून यूपीएसशिवाय हे काम करू नये. नाव चकतीच्या वरच्या बाजूस मऊ टोकाच्या पेनाने लिहावे. बॉलपेनने ओरखडा पडतो, आणि सीडीत वरच्या बाजूचा ओरखडा खालच्याहून वाईट, कारण आकड्यांचा थर वरच्या पृष्ठभागास अगदी लागून असतो. वैशाखातील उन्हात पत्र्याच्या कपाटात चकती ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे होय. आणि दर चार-पाच वर्षांनी जुनी चकती वाचून पाहून नवी नक्कल करावी. मुनीमजींच्या २००६ सालच्या दोन चकत्यांपैकी एक आज वाचता येत नाही, दुसरी येते.

कायद्याच्या बाजूनेही दोन शब्द आवश्यक आहेत. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब, त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. २०२२-२३ चे विवरण ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत भरावयाचे होते; म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हाताशी हवेत. त्याच कायद्याखालील नियम ५६ सांगतो की, नोंद खोडावयाची वा तिच्यावर दुसरी लिहावयाची नाही, आणि हिशेब संगणकावर असतील तर बदललेल्या वा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावयाचा. नियम ५७ सांगतो की, अपघाताने वा नैसर्गिक कारणाने हिशेब नष्ट झाले तरी योग्य वेळात पुन्हा उभे करता येतील अशी नक्कल ठेवावयाची. ज्या सभासदांची पेढी कंपनीरूपाने नोंदलेली आहे त्यांस याहून कडक नियम आहेत: १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये फेरफारांचा माग आपोआप राहिला पाहिजे, आणि संगणकावरील हिशेबांची नक्कल भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवली पाहिजे. त्यांचे काम केवळ वर्षअखेरच्या सीडीने भागणार नाही.

वाद न्यायालयात गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ पुढे येते. १८७२ च्या जुन्या कायद्यात हे काम कलम ६५ ब करीत असे. संगणकावरील नोंद पुरावा म्हणून दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नव्या नमुन्यात त्या फाइलीचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजावा. हिशेबातील एक पैसा बदलला तरी ठसा पार बदलतो. विंडोजमध्ये हा ठसा काढण्याची सोय आहे आणि त्यासाठी प्रशासक असावे लागत नाही. सीडी राइट झाल्यावर मूळ फाइलीचा व सीडीवरील फाइलीचा ठसा काढून दोन्ही जुळतात की नाही हे पाहिले, म्हणजे नक्कल खरी उतरली याची खात्री त्याच वेळी होते आणि पुढे लागणारा कागदही तयार राहतो.

त्या २०१८ सालच्या जुलैनंतर आम्ही खंडणी दिली नाही. ३१ मार्चच्या सीडीवरून वर्षाच्या आरंभापर्यंतचा हिशेब एका दिवसात उभा राहिला, आणि पुढील साडेतीन महिन्यांचा हिशेब बिलांच्या कागदी स्थळप्रतींवरून मुनीमजींनी दोन मुलांना घेऊन चाळीस दिवसांत पुन्हा चढविला. त्या काळात ते आमच्याशी कामापुरतेच बोलत. चाळिसाव्या दिवशी शिल्लक जुळली तेव्हा त्याच चार माणसांदेखत आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "शेठजी, आता तरी त्या कॅलेंडरचे पान फाडा." पान फाडले, पासवर्ड बदलला आणि नवा पासवर्ड पाकिटात घालून, वर सही करून तिजोरीत ठेवला.

मुनीमजी २०२२ साली निवृत्त झाले. गटातून त्यांचे नाव त्याच दिवशी काढून त्यांच्या जागी आलेल्या बाईंचे घातले. या कामास पाच मिनिटे लागली. आता वर्षातून एकदा नव्हे तर दर महिन्याच्या अखेरीस चकती होते. ठशाची नोंद एका बांधीव वहीत शाईने होते, आणि एक प्रत मुनीमजींच्या घरी लाकडी कपाटात असते. ती तेथे ठेवावी, अशी विनंती आम्हीच त्यांना केली होती.